पसारा आपोआप का होतो?

शाळा सुरू होऊन आठवडा झाला, की बहुतेक घरांतून सकाळी साडेसहाच्या सुमारास एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "आई, माझी कंपासपेटी कुठंय?" आई कणीक मळत असते. ती मागे वळूनही न बघता सांगते, "दिवाणाखाली बघ, नाहीतर दादाच्या दप्तरात." कंपासपेटी खरोखरच दादाच्या दप्तरात सापडते. मग मुले किती बेशिस्त आहेत, त्यांना वस्तूंची किंमत कशी नाही, यावर घरातली मोठी माणसे दोन-चार वाक्ये बोलून घेतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

आम्हीही कित्येक वर्षे ही वाक्ये बोलत आलो. पण त्यात एक गोष्ट खटकत असे. रविवारी सगळ्यांनी मिळून चार तास खपून घर आवरावे आणि मंगळवारी ते पुन्हा होते तसे व्हावे. पसारा करण्यासाठी मात्र कोणी चार तास खपल्याचे आम्ही पाहिलेले नाही. ठरवल्याशिवाय घर आवरले जात नाही, आणि पसारा कोणी न ठरवताच होतो. हा फरक माणसांच्या स्वभावातून येतो, असे आपण धरून चालतो. तो मोजणीतून येतो का, हे आधी पाहायला हवे.

तीन वस्तू घ्या: चप्पल, पुस्तक आणि चेंडू. त्यांच्या तीन जागा ठरवा: दाराजवळची मांडणी, फळी आणि टोपली. चप्पल या तीनपैकी कुठेही असू शकते, पुस्तकही, चेंडूही. म्हणजे एकूण 3 × 3 × 3 = 27 प्रकारे या वस्तू घरात पडलेल्या असू शकतात. यांतल्या फक्त एका प्रकाराला आपण 'आवरलेले' म्हणतो. उरलेल्या 26 प्रकारांना आपल्याकडे एकच नाव आहे, पसारा.

आता दहा वस्तू आणि दहा जागा घेऊ. एकूण प्रकार होतात एकावर दहा शून्ये, म्हणजे एक हजार कोटी. आवरलेला प्रकार पुन्हा एकच. थोडे उदार होऊन 'एखाद-दोन वस्तू इकडेतिकडे असल्या तरी चालेल' असे म्हटले तरी काय होते? नेमकी एक वस्तू चुकीच्या जागी असण्याचे प्रकार 10 × 9 = 90. नेमक्या दोन चुकीच्या जागी असण्याचे प्रकार 45 × 81 = 3645. सगळे मिळून 3736. एक हजार कोटींपुढे हा आकडा काहीच नाही. घरात वस्तू काही दहाच नसतात, हे वेगळे सांगायला नको.

वर्गात करून पाहण्याजोगा एक खेळ

सहा वस्तू घ्या: खोडरबर, पेन्सिल, खडू, किल्ली, बटण, गोटी. सहा कागदांवर 1 ते 6 आकडे लिहून ती त्यांची घरे ठरवा आणि प्रत्येक वस्तू आपल्या घरात ठेवा. आता फासा दोनदा टाकायचा. पहिल्या दानाने कोणती वस्तू उचलायची ते ठरते, दुसऱ्या दानाने ती कोणत्या घरात ठेवायची ते ठरते. दर खेपेला किती वस्तू आपापल्या घरात आहेत, ते फळ्यावर लिहीत जा. सहापासून सुरुवात होईल.

अनेक गटांनी खेळून सरासरी काढली, तर चार खेपांनंतर साधारण साडेतीन वस्तू जागेवर उरतात आणि दहा खेपांनंतर दोनाहूनही कमी. पुढे कितीही खेळले तरी सरासरी एकाच्या आसपास रेंगाळते. एखाद्या गटात मधेच आकडा वर जातो, मुले ओरडतात, आणि तो पुन्हा खाली येतो. आलेख काढला तर उतार सुरुवातीला सर्वांत तीव्र दिसतो. याचे कारण मुलांनाच शोधू द्यावे. सगळ्या वस्तू जागेवर असताना कोणतीही वस्तू हलली, तर बिघाडच होणार, सुधारायला काही शिल्लकच नसते. अर्धा पसारा झाल्यावर मात्र हललेली वस्तू कधी कधी चुकून आपल्या घरी परत जाते. आवरलेले घर सर्वांत वेगाने विस्कटते, ही गृहिणींची जुनी तक्रार अशी गणिताने खरी ठरते. दिवाळीआधी दोन दिवस झडझडून केलेली आवराआवर का टिकत नाही आणि रोज रात्रीची दहा मिनिटे का टिकतात, हेही या उतारावरून कळते. या खेळात फाशाला ना शिस्त आहे ना खोडी. तरी पसारा होतोच.

अकरावी-बारावीचे विद्यार्थी इथे उष्मागतिकीचा दुसरा नियम आठवतील. पुष्कळ पुस्तकांत मुलाच्या खोलीतला पसारा हे एन्ट्रॉपीचे उदाहरण म्हणून दिलेले असते. लुडविग बोल्ट्झमान (1844–1906) यांनी एन्ट्रॉपीचा संबंध मांडण्यांच्या संख्येशी जोडला, आणि ते सूत्र व्हिएन्नामधल्या त्यांच्या समाधीवर कोरलेले आहे. मोजण्याची रीत आपण वर वापरली तीच: एकाच बाह्य स्थितीत किती वेगवेगळ्या मांडण्या दडलेल्या आहेत? पण उपमा म्हणून ती जेवढी चांगली आहे, तेवढीच फसवीही आहे. वायूचे रेणू स्वतःच्या उष्णतेने सतत हलत असतात, घरातली पुस्तके रात्री आपणहून फळीवरून उतरत नाहीत. शिवाय आकडा काढून पाहा. आपल्या दहा वस्तूंच्या एक हजार कोटी मांडण्यांमुळे एन्ट्रॉपीत जो फरक पडेल, तो दर केल्व्हिनला सुमारे 3 × 10⁻²² ज्यूल. पेलाभर, म्हणजे 200 ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानाजवळ एका अंशाने गरम केले, तर एन्ट्रॉपी दर केल्व्हिनला जवळजवळ 3 ज्यूलने वाढते. एकावर बावीस शून्ये इतक्या पटीने जास्त! भौतिकीच्या हिशेबात पसारा जवळजवळ अस्तित्वातच नाही, आणि तो आवरणाऱ्या माणसाचे शरीर एका सेकंदात जेवढी उष्णता बाहेर टाकते, तिच्यापुढे पसाऱ्याची एन्ट्रॉपी नगण्य आहे. तेव्हा वर्गात हे उदाहरण द्यावे, पण ते मोजणीचे उदाहरण आहे आणि उष्णतेचे नाही, हेही सांगावे.

वस्तू जागेवर नेण्यासाठी ताकद फारशी लागत नाही. जागा माहीत असावी लागते. फाशाला ती माहीत नाही, म्हणून तो पसारा करतो. आईला ती माहीत आहे, म्हणून ती कणीक मळतामळता कंपासपेटी शोधून देते. बहुतेक घरांत सगळ्या घराची सूची एकाच माणसाच्या डोक्यात असते. ते माणूस दोन दिवस परगावी गेले, की मुलांचे मोजे, गॅसचे पुस्तक आणि थर्मामीटर एकदमच नाहीसे होतात. ही सूची सांभाळणे हेही काम आहे, पण ते कोणाला दिसत नाही. जे दिसते तेसुद्धा कमी नाही. 2019 साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या. घरकामात भाग घेणारे पुरुष मुळात थोडे, आणि जे घेत होते ते सरासरी 97 मिनिटे देत होते. तेव्हा घर लावण्याचा खरा प्रश्न, डोक्यातली ही सूची भिंतीवर, डब्यांवर आणि फळ्यांवर कशी उतरवायची, हा आहे. पाच वर्षांच्या मुलालाही न विचारता ती वाचता आली पाहिजे.

किती डबे?

समजा, मुलांच्या लहानसहान 64 वस्तू आहेत आणि त्या सगळ्या एका खोक्यात टाकल्या आहेत. हवी ती वस्तू मिळेपर्यंत सरासरी निम्म्या, म्हणजे 32-33 वस्तू उचकाव्या लागतील. मग उत्साहाच्या भरात आपण 64 डब्या आणतो आणि प्रत्येकीत एकच वस्तू ठेवतो. डब्यांवर काही लिहिलेले नसेल, तर आता सरासरी 32-33 डब्या उघडाव्या लागतील. गाडी पुन्हा मूळ पदावर! आठ डबे करून प्रत्येकात आठ वस्तू ठेवल्या, तर साडेचार डब्यांवर नजर टाकावी लागते आणि साडेचार वस्तू उचलाव्या लागतात, म्हणजे एकूण नऊ. चार डबे केले काय किंवा सोळा केले काय, उत्तर अकरा येते. डब्यांची संख्या वस्तूंच्या संख्येच्या वर्गमुळाजवळ असली की शोध सर्वांत सोपा होतो, आणि थोडे इकडेतिकडे झाले तरी फारसे बिघडत नाही. नववी-दहावीच्या मुलांना हे कोष्टक स्वतः मांडायला सांगावे. वर्गमूळ इतक्या उपयोगी कामाला आलेले ती क्वचितच पाहतात.

डब्यावर चित्र किंवा नाव असले की शोध आणखी कमी होतो, हे उघडच आहे. पण शोधण्याइतकाच ठेवण्याचाही खर्च असतो आणि त्याचा विचार घर लावताना कोणी करत नाही. प्लॅस्टिकचे ठोकळे रंगवार सहा डब्यांत ठेवायचा दंडक आम्ही एकदा घातला होता. तो तीन दिवस चालला. खेळताना मूल ठोकळ्यांचा ढीगच करते, त्यातून हवा तो ठोकळा शोधणे हा खेळाचाच भाग असतो, आणि रात्री झोप आलेल्या मुलाकडून शंभर ठोकळ्यांची रंगवार विभागणी होणे शक्य नसते. ठोकळ्यांना एक मोठी टोपली पुरे. कंपासपेटी, घराची किल्ली, औषधे यांना मात्र प्रत्येकी एकच पक्की जागा हवी, कारण ती घाईत लागतात. सगळ्याच वस्तू सारख्याच नीटपणे लावण्याचा आग्रह आम्हाला वेळेचा अपव्यय वाटतो.

बाबांच्या टेबलावरच्या ढिगाबद्दलही इथे चार शब्द बोलायला हवेत, कारण त्याच्यावर नेहमी अन्याय होतो. जो कागद वापरला तो सर्वांत वर, हा त्या ढिगाचा नियम असतो. म्हणजे नकळत तो ताज्या वापराच्या क्रमाने लागलेला असतो. डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन या संगणकशास्त्रज्ञांनी 1985 साली अशा यादीचे गणित मांडले. वापरलेली वस्तू दर वेळी सर्वांत पुढे ठेवत गेलो, तर पुढे काय काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या तुलनेतही आपला शोधाचा खर्च फार तर दुप्पट होतो, असे त्यांनी दाखवले. युकिओ नोगुची या जपानी अर्थशास्त्रज्ञाने 1993 साली याच तत्त्वावर कार्यालयातली पाकिटे लावण्याची रीत सुचवली: वापरलेले पाकीट डावीकडच्या टोकाला ठेवायचे. न वापरलेली पाकिटे आपोआप उजवीकडे सरकत जातात आणि काय टाकायचे ते तिथे जाऊन पाहायचे. मुलांच्या पुस्तकांच्या फळीवर हे करून पाहायला हरकत नाही. टेबलावरच्या ढिगाचा एकच दोष आहे, त्याचा क्रम फक्त बाबांना ठाऊक असतो.

घरातले वर्गीकरण

डब्यांवर काय लिहायचे, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. विजेरी कुठे ठेवाल? विजेच्या वस्तूंत, हत्यारांत, की प्रवासाच्या सामानात? ती एकाच वेळी तिन्ही आहे, पण ठेवायची मात्र एकाच जागी. ग्रंथपालांना हा प्रश्न रोज पडतो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच प्रश्नाच्या मागे लागले. लंडनमधल्या एका दुकानात त्यांना मेकॅनोचा खेळ दिसला. ठरावीक पट्ट्या आणि खिळे वेगवेगळ्या रीतीने जोडून हवे ते यंत्र तयार होते, तसे विषयाच्या पैलूंचे तुकडे जोडून कोणत्याही पुस्तकाचा क्रमांक का तयार करू नये? यातून त्यांचे कोलन वर्गीकरण निघाले आणि ते 1933 साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या खेळण्याने ग्रंथालयशास्त्राला दिशा दिली, ही गोष्ट पसाऱ्याने वैतागलेल्या पालकांनी अधूनमधून आठवावी.

घरात कोलन वर्गीकरणाची गरज नाही. पण वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हा रंगनाथन यांचा आग्रह घरालाही लागू आहे. वस्तू 'खरी' कोणत्या वर्गातली, हा वाद न घालता ती हवी झाली की घरातली माणसे आधी कुठे बघतात, ते पाहावे आणि तिथेच ती ठेवावी. दिवे गेले की सगळे देवघराकडे धावत असतील, तर विजेरीची जागा देवघरात. आपल्या स्वयंपाकघरात या विचाराचा सुंदर नमुना पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे मिसळणाचा डबा. मोहरी हे बी, हळद हा कंद, हिंग हा झाडाचा चीक. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो डबा म्हणजे शुद्ध गोंधळ आहे. पण फोडणी करताना हाताला जे एकापाठोपाठ एक लागते, ते सगळे त्यात आहे.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. बार्बेल इन्हेल्डर आणि ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या वर्गीकरणाचा अभ्यास केला. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांना मोठा वर्ग आणि त्यातला उपवर्ग एकाच वेळी ध्यानात धरणे जड जाते. म्हणून 'शैक्षणिक साहित्य' ही चिठ्ठी पाच वर्षांच्या मुलाला काही सांगत नाही. 'रंगवायच्या गोष्टी' किंवा 'पळणाऱ्या गोष्टी' सांगते. चिठ्ठ्यांची नावे मुलांनीच ठेवावीत हे उत्तम. शब्द विचित्र असतील, पण वस्तू परत येतील.

आणि वस्तूच कमी केल्या तर?

वरच्या सगळ्या हिशेबांत एक संख्या कायम राहिली, ती म्हणजे वस्तूंची. खरे तर सर्वांत जास्त फरक तिनेच पडतो. दहा वस्तूंऐवजी पाच वस्तू आणि पाच जागा घेतल्या, तर एक हजार कोटी मांडण्यांच्या जागी 3125 उरतात. लॉस एंजलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी 2001 ते 2005 या काळात तिथल्या 32 मध्यमवर्गीय कुटुंबांची घरे बारकाईने पाहिली. आईवडील दोघेही नोकरी करणारे आणि घरात मुले असलेली ही कुटुंबे होती. पहिल्याच घरातल्या फक्त तीन खोल्यांत, तेही वरवर दिसणाऱ्या, 2260 वस्तू भरल्या. याच प्रकल्पातल्या डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी 2010 साली एक निष्कर्ष मांडला. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक एरवी सकाळी जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अपुरी कामे यांच्याच शब्दांत करणाऱ्या स्त्रियांमध्ये हा उतार मंद होता. त्यांच्या नवऱ्यांत तसे आढळले नाही. पसाऱ्यामुळे ताण येतो की ताणलेल्या माणसाला पसारा जास्त दिसतो, हे यावरून ठरत नाही. पण त्याच खोलीतला तोच पसारा घरातल्या दोघांना सारखा नसतो, एवढे तरी दिसते.

आपली घरे लॉस एंजलिसची नाहीत. पण वाढदिवसाच्या भेटी, घरपोच येणारी खोकी आणि 'राहू दे, लागेल कधीतरी' ही आपली सवय, यांनी आपले माळेही भरत चालले आहेत. अमेरिकेतल्याच टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 36 लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले आणि ते 2018 साली प्रसिद्ध केले. चारच खेळणी असताना मुले प्रत्येक खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. यावरून खेळणी फेकून द्यायची गरज नाही. निम्मी माळ्यावर ठेवून महिन्याने अदलाबदल केली तरी भागते.

टाकणे अवघड का जाते, यावरही प्रयोग झाले आहेत. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. मग विकायला त्यांनी मागितलेली किंमत, मग न मिळालेले विद्यार्थी द्यायला तयार होते त्याच्या दुपटीहून अधिक होती. वस्तू काही मिनिटे आपली झाली तरी ती महाग होते. उलट दुसऱ्याच्या वस्तूची किंमत आपण सहज कमी धरतो, आणि घर आवरताना मुलांच्या वस्तू या दुसऱ्याच्या असतात.

हे आम्हाला कसे कळले, ते सांगतो. धाकटी चौथीत असताना दिवाळीच्या आवराआवरीत आम्हाला कपाटावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत पुठ्ठ्याचे तीन कप्पे आणि त्यांत दगड. आम्ही दगड परसात तुळशीजवळ ओतले आणि डबा भंगारवाल्याला देऊन टाकला. संध्याकाळी ती शाळेतून आली. रडली नाही, पण जेवली नाही. दगड मिळाले आहेत, सगळे 24, एकही हरवला नाही, असे आम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगत होतो. ती म्हणाली, "पण कुठला कुठचा ते गेलं ना." एक कप्पा मामाच्या गावी खणलेल्या नव्या विहिरीचा होता, एक नदीचा, एक शाळेमागच्या खाणीचा. कोणता दगड कुठला, हे फक्त कप्प्यांनाच ठाऊक होते. 24 दगड तीन कप्प्यांत 28 हजार कोटींहून अधिक प्रकारे ठेवता येतात, आणि त्यांतला तिला हवा असलेला एकच प्रकार आम्ही ओतून टाकला होता. कुठे सापडला याची नोंद नसलेला नमुना भूशास्त्राच्या संग्रहालयातही जवळजवळ निरुपयोगी ठरतो, हे आम्ही वर्गात शिकवत होतो.

पुढच्या रविवारी आम्ही तिला नवा डबा आणून दिला. तो एवढाच राहील, भरला की काय ठेवायचे आणि काय काढायचे ते तिने ठरवायचे, असे ठरले. ती तुळशीजवळ बसून दगड निवडू लागली. अकरा गुळगुळीत होते, ते नदीतले म्हणून लगेच वेगळे झाले. सहांच्या पोकळ्यांत पांढरे चकचकीत स्फटिक होते. आपल्याकडच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत असे स्फटिक मिळतात, आणि विहीर खणताना निघालेल्या दगडांत तिने ते पाहिलेले आठवत होते. ते विहिरीच्या कप्प्यात गेले. उरलेले सात खाणीतले की विहिरीतले, हे तिला सांगता येईना. तिने त्यांच्यासाठी चौथा कप्पा केला आणि त्यावर चिठ्ठी लावली, 'माहीत नाही'. मग आमच्याकडून पांढरा रंग आणि बारीक कुंचला मागून घेतला, बाकीच्या सतरा दगडांवर आकडे घातले आणि वहीत प्रत्येक आकड्यापुढे गावाचे नाव लिहून ठेवले.